न्यूजचा फुल फॉर्म विचारू नका

आपल्या शहरात इंग्रजी शिकणाऱ्या लेकरांच्या वहीत एक कागद हमखास सापडतो. तो कुणी लिहिला, कुठल्या क्लासातून निघाला, काही पत्ता नाही. पूर्वी तो औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून फिरायचा. आता व्हॉट्सअ‍ॅपवर 'नव्याण्णव टक्के लोकांना हे माहीत नाही' अशा मथळ्याखाली थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा उगवतो. त्यात लिहिलेलं असतं की न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स. ईट म्हणजे एनर्जी अँड टेस्ट. स्माइल म्हणजे स्वीट मेमरीज इन लिप्स एक्स्प्रेशन. पेन म्हणजे पॉवर एन्रिच्ड इन निब. डेट म्हणजे डे अँड टाइम इव्होल्यूशन. कॉम्प्युटरचा फुल फॉर्म तर इतका लांबलचक की तो पाठ करणाऱ्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करून म्हणून दाखवायला लावतात.

माझी विनंती सरळ आहे. आई-वडिलांना, क्लासच्या सरांना आणि मॅडमना, अभ्यासिकेत बसलेल्या पोरापोरींना: हा कागद पाठ करू नका, करवून घेऊ नका, पुढे पाठवू नका. त्यातलं एकही खरं नाही.

कुणी म्हणेल, स्पेलिंग लक्षात राहतं ना, मग बिघडलं कुठे? लक्षात राहावं म्हणून कुणी युक्ती केली तर माझी काही हरकत नाही. इंद्रधनुष्याचे रंग आपण सगळ्यांनी 'तानापिहिनिपाजा' म्हणूनच पाठ केले. पण इंद्रधनुष्याचा जन्म त्या शब्दातून झाला असं काही कुणी शिकवलं नाही. या कागदावर मात्र 'शब्द असा तयार झाला' असं छातीठोक सांगितलेलं असतं. शब्द कसा तयार झाला हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि इतिहासाला पुरावा लागतो.

पुरावा तपासायची पहिली कसोटी सालाची. समजा कुणी 1985 सालचा म्हणून एक दाखला तुमच्यापुढे ठेवला आणि त्याच्या माथ्यावर 'जिल्हा छत्रपती संभाजीनगर' असं छापलेलं आहे. तलाठ्याकडे जायची गरजच नाही. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं 2023 मध्ये, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. शब्दांचंही असंच तपासायचं. आद्याक्षरं जोडून शब्द करायची फॅशन इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली. रडार हा शब्द 1940 च्या सुमाराचा, लेझर 1957 नंतरचा. अशा शब्दांना इंग्रजीत जे 'अ‍ॅक्रोनिम' म्हणतात, तो शब्दसुद्धा 1940 च्या दशकातला. आपल्याकडची उदाहरणं हवीत तर सिडको घ्या. ते महामंडळ 1970 साली निघालं, लांबलचक इंग्रजी नावाची पहिली अक्षरं घेऊन, आणि आज शहराचा एक मोठा भाग त्या अक्षरांनीच ओळखला जातो. एमआयडीसी, मनसे, मसाप हे सगळे याच घरातले. हे शब्द खरोखर असे झाले आहेत, म्हणून लोकांना वाटतं की सगळेच शब्द असे होत असतील.

आता या कसोटीवर कागद लावून बघू. गोल्फ म्हणजे 'जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' असं सांगतात. स्कॉटलंडच्या संसदेने 1457 साली एक कायदा केला, की लोकांनी फुटबॉल आणि गोल्फ खेळण्यात वेळ घालवू नये, धनुर्विद्येचा सराव करावा. म्हणजे तेव्हाच हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो बहुधा डच भाषेतल्या काठीच्या नावावरून आलेला आहे. न्यूज हा शब्द ताज्या बातमीच्या अर्थाने पंधराव्या शतकापासून वापरात आहे आणि तेव्हाच्या लिखाणात त्याचं स्पेलिंग बरेचदा एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं सापडतं. मग त्या मधल्या ई साठी पाचवी दिशा कुठून आणायची?

कॉम्प्युटरचं तर आणखी मजेशीर. हा शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. यंत्र नव्हतं तेव्हा कॉम्प्युटर कोण होतं? माणूस. हिशेब करणारा माणूस. हे आपल्या देशातच घडलेलं आहे. एव्हरेस्ट जगातलं सर्वांत उंच शिखर आहे, हे ज्यांच्या आकडेमोडीतून पुढे आलं ते राधानाथ सिकदार 1831 साली सर्वेक्षण खात्यात लागले ते 'कॉम्प्युटर' या पदावर, आणि पुढे ते 'चीफ कॉम्प्युटर' झाले. यंत्र आल्यावर माणसाचं पदनाम यंत्राला मिळालं. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात कॉम्प्युटरचा फुल फॉर्म छापण्याऐवजी ही एवढी गोष्ट छापली तर काय बिघडेल?

एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' हेही असंच मागाहून चिकटवलेलं. 1906 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही खूण ठरली. मोर्सच्या लिपीत तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके हे ऐकायला सोपं आणि चुकायला अवघड, एवढंच त्यामागचं कारण. 'पॉश' या शब्दाबद्दल आपल्याकडे फार आवडीने सांगतात, की इंग्रज साहेब बोटीने मुंबईला येताना डावीकडची आणि परत जाताना उजवीकडची, म्हणजे सावलीतली केबिन घ्यायचे, आणि त्यांच्या तिकिटावर ही चार अक्षरं उमटवलेली असायची. त्या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या कागदपत्रांत अशा तिकिटाचा मागमूस नाही. शब्दकोश त्या शब्दापुढे 'उगम अनिश्चित' असं लिहून मोकळे होतात. ज्या शब्दकोशात असं लिहिलेलं सापडतं त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

कसोटीला अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. ओके हा शब्द खरंच आद्याक्षरांचा आहे आणि तो विसाव्या शतकातला नाही. बोस्टनमधल्या एका वर्तमानपत्रात 23 मार्च 1839 रोजी तो छापलेला सापडतो. 'ऑल करेक्ट' हे मुद्दाम अशुद्ध लिहून त्यातल्या दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं घ्यायची, अशी त्या काळच्या पत्रकारांची थट्टा होती. पण लक्षात घ्या, हे आपल्याला कळलं कारण कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं चाळून तारीख शोधली. कहाणी छान आहे म्हणून ती खरी धरली गेली नाही.

मला खरा राग या कागदाचा येतो तो वेगळ्या कारणाने. तो खोटा तर आहेच, पण ज्या शब्दांवर तो खोटं लिहितो, नेमक्या त्याच शब्दांची खरी कहाणी आपल्या घरातली आहे. त्यातला ईट घ्या. संस्कृतात खाण्यासाठी 'अद्' असा धातू आहे. 'अन्न' हा शब्द त्याचाच. जे खाल्लं जातं ते अन्न. हा 'अद्' आणि इंग्रजीतला 'ईट' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन कोंब. स्माइल आणि आपलं स्मित, तसेच. न्यूजमधला न्यू आणि आपलं नव, नवं, नवीन हेही तसेच. भेटल्यावर आपण 'काय नवीन?' विचारतो तेव्हा इंग्रज माणसापेक्षा वेगळं काही विचारत नसतो. डेट हा शब्द लॅटिनमधल्या 'दिलेलं' या अर्थाच्या शब्दातून आला. जुन्या रोमन पत्रांत 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिलं' असं लिहायची पद्धत होती, त्यातला 'दिलं' हा शब्दच पुढे तारखेचं नाव होऊन बसला. ज्या मुळातून तो आला, त्याच मुळातून आपले दान, दाता आणि दत्त आले. खायच्या खजुराला इंग्रजीत डेटच म्हणतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. तो शब्द ग्रीक भाषेतल्या बोटाच्या नावावरून आला.

आणि पेन? पेन म्हणजे लॅटिनमध्ये पीस. पूर्वी पिसाच्याच लेखण्या असायच्या. ज्या मुळापासून हा शब्द आला त्या मुळाचा अर्थ उडणं, आणि त्याच मुळातून संस्कृतातलं 'पत्र' आलं. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचं पान, आणि मग आपण एकमेकांना लिहितो ते पत्र. इंग्रजीत पिसाला फेदर म्हणतात, तेही याच मुळाचं. पेन्सिलचा मात्र पेनशी काही संबंध नाही. तिचं मूळ लॅटिनमधल्या इवल्याशा शेपटीत, म्हणजे कुंचल्यात आहे. लेकराच्या कंपासपेटीत दोघी शेजारी शेजारी असतात, नावंही सारखी दिसतात, आणि नातं शून्य.

चेसपाशी जरा थांबावं लागेल. कागद लिहिणाऱ्याने रथ, घोडा, हत्ती, सैनिक ही जुळवाजुळव केली, त्या अर्थी त्याने चतुरंग कुठेतरी ऐकलेलं असणार. सैन्याची ही चार अंगं, म्हणून आपल्या जुन्या खेळाचं नाव चतुरंग. खेळ इराणात गेला, तिथून अरबांकडे, आणि चतुरंगाचं शतरंज झालं. इराणी लोक पटावरच्या राजाला शाह म्हणायचे आणि राजावर हल्ला आला की 'शाह!' म्हणून इशारा द्यायचे. खेळ पश्चिमेला गेला तो हा इशारा बरोबर घेऊन. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं रूप झालं एशेक, त्याच्या अनेकवचनातून इंग्रजी चेस आला आणि एकवचनातून चेक. 'शाह मात'चं चेकमेट झालं. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून सरळ आला आणि मराठीत घरचा होऊन राहिला. शह देणे, काटशह, मात करणे हे राजकारणाच्या बातम्यांत रोज छापून येतं.

पुढची गंमत अशी की राजाला रोखणं या अर्थावरून चेक म्हणजे अडवणं, मग अडवून बघणं, तपासणं असा अर्थ झाला. रेल्वेत टीसी तिकीट चेक करतो तो हाच. इंग्लंडच्या नॉर्मन राजांच्या खजिन्याचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटीचं कापड अंथरलेलं असायचं. म्हणून खजिन्यालाच एक्सचेकर म्हणू लागले आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे. बँकेचा चेक, चौकटीच्या शर्टाचे चेक्स, सगळे याच शहाचे वंशज. चतुरंगापासून चेकबुकापर्यंतचा हा सगळा प्रवास त्या कागदाने चार अक्षरांत संपवला. लुबाडणूक म्हणतात ती याला.

हे वाचून काही जणांची कॉलर ताठ झाली असेल. म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली तर! नाही. इथे माझी दुसरी विनंती, आणि ती पहिलीइतकीच निकडीची आहे. ईट हा शब्द 'अद्'पासून निघालेला नाही. दोघं भावंडं आहेत, एकाच्या पोटी दुसरा जन्मलेला नाही. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं दाट आहे की त्या सगळ्यांचं मूळ एक असलं पाहिजे, आणि ते मूळ कदाचित आता शिल्लक नसेल. पुढे परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये या साम्यातली शिस्त दाखवली. जिथे संस्कृतात द आहे तिथे इंग्रजीत ट येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ, अद् आणि ईट. जिथे प आहे तिथे फ: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पत्र आणि फेदर. नातं ठरतं ते या शिस्तीने. शब्द कानाला सारखे लागले म्हणून ठरत नाही.

कान किती फसवतो बघा. बदनाम, बदमाश, बदलौकिक यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड'. आवाज तोच, अर्थ तोच. आपल्या शहरात तर उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत बोलतात, त्यामुळे हा दाखला रोज कानावर येतो. आणि या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. उलट चक्र आणि व्हील हे शब्द शेजारी ठेवले तर कुणाला नातं दिसणार नाही, पण ते सख्खे आहेत.

ही शिस्त सोडून नुसत्या कानावर विसंबलं की काय होतं, याचे नमुने मराठी माणसाच्या घरातच आहेत. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असली समीकरणं पुस्तकांमागून पुस्तकांत मांडली आणि ती आजही फिरतात. रोमन लोक व्हॅटिकनच्या टेकडीला ख्रिस्ताच्या आधीपासून त्याच नावाने ओळखत होते. ख्रिसमस म्हणजे कृष्णमास असंही सांगतात. जुन्या इंग्रजीत तो शब्द 'ख्रिस्ताची प्रार्थनासभा' या अर्थाचे दोन सुटे शब्द जोडून झालेला स्पष्ट दिसतो. या समीकरणांनी आपल्या भाषेची शान वाढत नाही. परक्या माणसाला आपल्यावर हसायची संधी तेवढी मिळते. आणि खरे पुरावे हाताशी असताना खोट्याची गरज काय? साखरेचंच घ्या. शर्करा इराणात शकर झाली, अरबीत सुक्कर, तिथून लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये गेली आणि शेवटी इंग्रजीत शुगर झाली. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची नोंद आहे. इथे तो शब्द खरोखर आपल्याकडून गेलेला आहे. खडीसाखरेतल्या 'खंडा'ची कँडी झाली, तेही याच वाटेने.

आपल्या मुलुखातून इंग्रजीत गेलेले शब्द मोजायचे तर हॉब्सन-जॉब्सन हा कोश उघडावा. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तो केला आणि 1886 साली तो छापून आला. बर्नेल त्याआधीच वारले होते. नाव विचित्र आहे, पण त्याचं मूळ आपल्या ओळखीचं. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश ऐकून गोऱ्या शिपायांनी आपल्या जिभेला जमेल तसा तो उच्चारला, त्याचं हे झालं. परका शब्द आपल्याला ओळखीच्या आवाजात बसवून घ्यायचा, हे सगळीच माणसं करतात. इंग्रजांनीही केलं. मुंगूस हा आपला मराठी शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या लिखाणात शिरला आणि त्याचं शेपूट त्यांनी हंसासारखं, म्हणजे 'गूस' असं करून टाकलं. परीक्षेत मुंगसाचं अनेकवचन विचारतात तेव्हा पोरं हंसाच्या चालीवर 'मंगीस' लिहून येतात. हंस त्यात नाहीच, हे माहीत असेल तर ती चूक होणार नाही. बरोबर उत्तर मंगूसेस.

कापडाच्या बाबतीत तर आपलं शहर शिक्षकाच्या जागी बसू शकतं. इथला किनखाप इंग्रजी कोशात 'किंकॉब' म्हणून बसला आहे. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाची डंगरी झाली, तिला आज फॅशनच्या दुकानात हजार रुपये पडतात. पैठण गेटवरून शाळेत जाणाऱ्या पोरीला विचारा, पैठणीला पैठणी का म्हणतात? ती लगेच सांगेल. मग तिला सांगा, की डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचं, जीन्स इटलीतल्या जेनोव्हाची, मसलिन इराकातल्या मोसुलचं, कॅलिको आपल्याच केरळातल्या कालिकतचं. कापडाला गावाचं नाव देणं ही जगभरची रीत आहे, आणि ती इंग्रजी धड्यातून नव्हे तर आईच्या कपाटातून कळते.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी आणखी एक सांगेन, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आणि शब्दांची यादी लांब असते. फुल फॉर्म पाठ करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात शब्दांची कुटुंबं ओळखता येतात. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल या तिन्ही पाट्या तुम्हाला एकाच रस्त्यावर दिसतील. तिन्ही लॅटिनमधल्या पाहुणा आणि यजमान या अर्थाच्या एकाच शब्दातून आल्या. आपले आजोबा इस्पितळ म्हणायचे, तेही त्यातलंच. एकाचं स्पेलिंग आलं की तिघांची सुरुवात चुकत नाही. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, आणि स्टेशनवरचा पोर्टर या सगळ्यांत 'वाहून नेणं' आहे. झेरॉक्समध्ये ग्रीक भाषेतलं 'कोरडं' आहे, कारण त्याआधीच्या प्रती काढायच्या रीतींमध्ये ओली रसायनं लागायची.

फक्त एवढं सांभाळा, की मूळ अर्थ कळला म्हणून आजचा अर्थ बदलत नाही. नाइस या शब्दाचं मूळ 'अजाण' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणून कुणी तुमच्या स्वयंपाकाला नाइस म्हटलं तर भांडायला उठू नका. मराठीतली शिक्षा बघा. संस्कृतात आणि हिंदीत ती शिकवण आहे, आपल्याकडे ती छडी आहे. गुरुजींना जुना अर्थ सांगून आजवर कुणी सुटलेलं नाही.

आता करायचं काय? घरात एक तरी चांगला शब्दकोश असावा, आणि नसेल तर गावातल्या वाचनालयात तो असतोच. मोठ्या इंग्रजी कोशात शब्दाच्या अखेरीस चौकोनी कंसात उगम दिलेला असतो, तो भाग बहुतेक जण ओलांडून जातात. तो वाचायची सवय लावा. मोबाइलवर बघायचं तर एटिमॉनलाइन फुकट आहे, आणि तिथे कोणत्या शतकात शब्द पहिल्यांदा सापडतो हे लिहिलेलं असतं. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश बघा. 1831 मध्ये तो पहिल्यांदा निघाला, 1857 ची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर आहे, आणि शब्द संस्कृत की फारसी की अरबी हे तो एका अक्षराच्या खुणेने सांगतो. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश 1946 चा आहे. त्यातलं सगळंच आज टिकेल असं नाही, पण विचार कसा करायचा हे तो शिकवतो. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडाखंडाने निघाला, त्यात बोलीतलेही शब्द मिळतात.

ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश झाला तोही एका आवाहनातून. संपादक जेम्स मरे यांनी 1879 साली साध्या वाचकांना विनंती केली: पुस्तकं वाचा, शब्द दिसला की ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव आणि साल लिहा, पाठवून द्या. शिक्षक, पाद्री, घरी बसलेल्या बाया, कुणीही चिठ्ठ्या पाठवल्या. पहिला भाग 1884 मध्ये आला, शेवटचा 1928 मध्ये. मरे तोवर हयात नव्हते. आज आपण 'हा शब्द अमुक सालापासून' असं म्हणू शकतो ते त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर.

शाळांनी आणि क्लासनी हे आपल्याकडेही करून बघावं. फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्याला एक शब्द लिहा. पोरांनी घरी आजी-आजोबांना विचारावं, कोशात बघावं, कुणी सांगितलं आणि कुठे सापडलं ते वहीत लिहावं. उत्तर नाही सापडलं तर 'सापडलं नाही' असं लिहायची मुभा द्यावी, त्याचे मार्क कापू नयेत. पैठणच्या मागावरचे शब्द, छावणीतले शब्द, गुलमंडीतल्या जुन्या दुकानदारांचे शब्द, हे सगळं अजून ऐकायला मिळतं तोवर उतरवून घेता येईल.

पहिल्या आठवड्यासाठी मी 'गोडाऊन' सुचवतो. वाळूजला, चिकलठाण्याला ज्यांचे वडील कामाला जातात त्या पोरांना हा शब्द पाठ आहे. विचारा त्यांना, हा कुठल्या भाषेतला? सगळे इंग्रजी म्हणतील, आणि एखादा 'गो' आणि 'डाऊन' वेगळे करून तळघराची गोष्टही सांगेल. मग कोश उघडायला लावा. त्यात सापडेल की इंग्लंडमधला सामान्य माणूस गोदामाला गोडाऊन म्हणतच नाही, वेअरहाउस म्हणतो. की इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगीजांकडून उचलला, पोर्तुगीजांनी तो मलायाकडच्या बंदरांत ऐकला, आणि त्या बंदरांत तो आपल्या दक्षिणेतून, तेलुगू-तमिळ बोलणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर गेलेला होता.